नोटांच्या यंत्राची वहिवाट

१६ ऑक्टोबर १९७२, खंडेनवमी. उंब्रज

आज यंत्राची पूजा झाली. पाने, हातोडे, वेल्डिंगचा सेट, लेथ, सगळं धुऊनपुसून मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि मधोमध नोटा मोजायचं यंत्र ठेवलं. पूजा झाल्याशिवाय नवं हत्यार चालवायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज आहे. म्हणून महिनाभर तयार असून ते पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. हात नुसते शिवशिवत होते.

सगळा गाव वर्कशॉपपुढं उभा होता. माझ्या धाकट्या भावाबरोबर, सयाजीबरोबर, कऱ्हाडच्या बँकेत कॅशियर असलेल्या केरबानं आपला पगार मुद्दाम एक-एकच्या नोटांत मागून आणला होता. गड्डी ठेवली, दांडा फिरवला. रबरी चाक एकेक नोट उचलतं, मीटर आकडा पुढं ढकलतो आणि नोट एका फटीवरनं जाते. कोरी नोट ताठ असते, ती फट ओलांडून पलीकडच्या खणात पडते. मळकी नोट मान टाकते आणि फटीतनं खाली जाते. मोजणं आणि निवडणं एका दमात. पलटणीत वीस वर्षं ट्रकची इंजिनं उघडली, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

"आयला, नोट वळखतंय गड्या हे!" कोणीतरी ओरडलं. बाळासो म्हणाला, "माझ्या खिशातल्या मोजून दे की." त्यावर अंजना चहा वाटता वाटता म्हणाली, "भावजी, रिकाम्या खिशाला यंत्र कशाला लागतंय?" सगळे खो खो हसले. अंजना माझी बायको, पण यंत्राला माझी सवत म्हणते.

यंत्राच्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहिलंय: सयाजी. आईनं त्या नावाला कुंकू लावलं आणि ढसाढसा रडली. विजयमाला मात्र आली नाही. धाकट्याची बायको ती, नवरा जाऊन पुरतं दीड वर्ष नाही झालं. माणसांत यायला लाजत असेल.


२४ ऑक्टोबर

आईनं पुन्हा तेच विचारलं. "लाला, आता तरी लोक म्हणायचं बंद करतील न्हवं?"

लोक काय म्हणतात ते लिहून ठेवतो, म्हणजे डोकं थंड होईल. सयाजीच्या काउंटरला एक गड्डी कमी भरली. खडी फोडणाऱ्यांचे पगार वाटायला बँकेतनं एक-दोनच्या नोटा गोणीनं जातात आणि त्यांच्या कमरेला राहून परत येतात तेव्हा नोट म्हणजे ओला फडका झालेला असतो. एकाला एक चिकटतात. मोजताना माणूस चुकणारच. पण साहेब म्हणाले, पैसे कुठं गेले सांग. चार दिवस नुसतं तेच विचारलं. पाचव्या दिवशी पोरगा कृष्णेच्या घाटावर चपला काढून पाण्यात उतरला. त्यानं पैसे खाल्ले म्हणूनच जीव दिला, असं अजूनही बाजारात बोलतात. समोर बोलला तर दात पाडीन.

मला एवढंच पाहिजे की प्रत्येक बँकेच्या काउंटरवर सयाजीचं नाव असलेलं यंत्र दिसावं. खाणाऱ्याच्या नावाचं यंत्र कोण ठेवेल? नाव दिसलं की तोंडं बंद होतील. बाकी मला काही नको.

केरबा म्हणतो, पेटंटचा नवा कायदा आलाय, मुंबईला नोंद कर. करीन. आधी लोकांनी पोटभर बघू दे.


३ फेब्रुवारी १९७३

कोयनानगरचं काम उरकून पाचगणीला, बोर्डिंगात असलेल्या मुलीला भेटायला निघालेले मुंबईचे एक साहेब. गाडीचा पट्टा तुटून फाट्यावर अडकले होते. मी गाडी ओढून आणली. पट्टा बसवेपर्यंत ते वर्कशॉपात फिरत होते, तर यंत्रापुढं थबकले.

एवढ्या कौतुकानं कोणी बघितलं नव्हतं. तीनदा दांडा फिरवायला लावला. फटीपाशी वाकून म्हणाले, "ही कल्पना कुठून सुचली?" मी सांगितलं, आई पापड वाळत घालते, वाळलेला काठीवर ताठ राहतो आणि ओला लोंबतो, त्यातनं. साहेब लय हसले. सिगारेटच्या पाकिटावर त्यांनी फटीचं चित्र काढून घेतलं, मुलीला दाखवायला म्हणे. मग विचारलं, लोकांनी बघितलंय का? म्हटलं, खंडेनवमीला अख्ख्या गावानं बघितलंय, फाट्यावर कुणालाही विचारा. नोंद केली का, विचारलं. नाही म्हटलं. तर म्हणाले, "घाई कशाला? आधी नीट सुधारून घ्या. कागद कुठं पळून जात नाहीत."

मोठा माणूस, पण किती साधा. पैसे घेतले नाहीत मी. नाव विचारायचं मात्र राहून गेलं.


११ जून

केरबा आज भांडायलाच आला. "दादा, चार महिनं झालं ऐकतोय, सुधारतो सुधारतो. काय सुधारलंस? मीटरला रंग दिलास!" शेवटी त्यानंच कऱ्हाडच्या टायपिस्टाकडनं इंग्रजी अर्ज करून घेतला. चित्रं मी काढली. यंत्राचं नाव 'सयाजी' असं अर्जात घातलं. रजिस्टर पोस्टानं मुंबईला गेला.


१९ सप्टेंबर १९७४

सरकारी ऑफिसातनं हरकती आल्या. वाचून डोकं फिरलं. म्हणे रबरी चाकानं कागद उचलायचं यंत्र अमेरिकेत कुणीतरी फार पूर्वीच नोंदवलंय. हवेनं नोट ओढायचं विलायतेत आहे, जपानात आहे. मीटरनं मोजणं तर सगळ्या जगात आहे. म्हणजे मी इथं उंब्रजच्या फाट्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर कापत बसलो होतो ते सगळं दुसऱ्याचंच?

मी म्हटलं, जाऊ दे, जाळतो हे. केरबानं कागद हातातनं काढून घेतला आणि बोट ठेवत खाली खाली आला. "दादा, फटीला कुणीच हरकत घेतली न्हाई." बघितलं तर खरंच. नोट लोंबते का ताठ राहते यावरनं तिला निवडायचं, हे कुणाच्याच नावावर नाही. अमेरिकेतल्या माणसानं माझ्या आईचे पापड थोडेच बघितलेत!

उत्तर लिहिलं. चाकावरचा हक्क सोडला, मीटरवरचा सोडला. सगळं यंत्र गेलं, फट तेवढी राहिली. राहू दे. फटीलाही सयाजीचंच नाव लागेल.


२८ ऑगस्ट १९७५

अर्ज मंजूर! सरकारी गॅझेटात छापून आलाय. चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही तर पेटंट आपलं. सांगलीच्या एका सहकारी बँकेचे डायरेक्टर म्हणाले, तो कागद हातात आला की दहा यंत्रं घेतो, नावासकट. आईनं गावात पेढे वाटले. विजयमालाला पेढा दिला तर तिनं तो आपल्या पोरीच्या हातात दिला. म्हटलं, "अगं, आता सगळीकडं नाव होईल सयाजीचं." ती म्हणाली, "व्हय भावजी," आणि आत गेली. आनंद दाखवायची सवयच गेलीय तिची.


२ डिसेंबर

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं विरोध केलाय. ते असलंच यंत्र बाजारात आणणार आहेत, फटीसकट! कागदात लिहिलंय की हे यंत्र अर्जाच्या आधीपासूनच सातारा भागात लोकांना माहीत होतं आणि उघड्यावर चाललं होतं, असं कंपनीच्या कुणा डायरेक्टरनं ऐकलंय. एवढाच पुरावा. ऐकलंय!

भडव्यांनो, लोकांना माहीत होतं ते कुणाचं? माझंच ना? म्हणजे माझं यंत्र दुसऱ्या कुणाचं तरी आधीचं आहे म्हणून दाखवायचा डाव आहे. मी बरा गप्प बसेन!

ते पाचगणीचे साहेब भेटले असते तर बरं झालं असतं. मुंबईत वजनदार दिसत होते. त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं, हे यंत्र मी उंब्रजमध्ये स्वतः बघितलंय म्हणून.


१४ जानेवारी १९७६. सांगली

आज तिळगूळ घेऊन नानासो वकिलांकडं आलो. आटपाडीकडचा माणूस, धनगराच्या घरातला. मेंढरांच्या जुन्या वाटा बागायतदारांनी अडवल्या तर हाच लढतो आणि जिंकतो. शेताच्या बांधाची आमची केस यानंच काढली होती. तेव्हा चार म्हातारे उभे केले, "आमच्या आज्ज्यापासनं हीच वाट" म्हणून, आणि निकाल आपल्या बाजूनं.

मी कागद पुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "लालासाहेब, खरं सांगतो, पेटंट मी कवा हाताळलं न्हाई. मुंबईचा वकील बघताय का?"

"त्याची फी ऐकली. वर्कशॉप विकावं लागंल. तुमी बघा."

"बघायला गेलं तर वहिवाटीचाच मुद्दा दिसतोय हा. ते म्हणतात आधीपासनं चालू व्हतं. मग दाखवू की, व्हय, आधीपासनं चालू व्हतं आन आमचंच चालू व्हतं. वहिवाट जेवढी जुनी आन उघड तेवढा हक्क पक्का. साक्षीदार किती हायत?"

"अख्खा गाव हाय."

वकील हसले. "मग काय! असली केस रोज मिळत न्हाई."

पोटात पहिल्यांदा गार वाटलं.


८ फेब्रुवारी

केरबाशी कायमचं तुटलं. ते लिहून टाकतो आणि विषय संपवतो.

तो संध्याकाळी आला, तोंड पाडून. "दादा, आमच्या हेड ऑफिसच्या कायदेवाल्याला विचारलं. पेटंटाला वहिवाट चालत न्हाई म्हणतो. अर्जाआधी लोकांना दाखवलं आसंल तर नुकसानच हुतं म्हणं. साक्षी देऊ नगंस. नुसतं म्हण, त्यांनी सिद्ध करावं."

म्हटलं, "म्हणजे मी गप बसायचं? माझ्या यंत्राबद्दल?"

"या खेपेला गप बस."

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "सयाजीला बी हेच सांगितलं व्हतंस न्हवं? गप बस म्हणून? शेजारच्या काउंटरला तूच बसला व्हतास. त्यो गप बसला आन लोकांनी त्याला चोर केलं."

केरबा पांढरा पडला.  सायकल घेतली आणि गेला. अंजना म्हणाली, "आवं, काय बोललासा हे? घराला टेकू त्यो एकच व्हता." पण तिला काय कळतंय? कंपनीच्या बाजूचं बोलणारा माणूस आपला कसा?


२२ फेब्रुवारी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं सगळे कऱ्हाडला गेलो, प्रतिज्ञापत्रं करायला. जत्रेला निघाल्यासारखे. ज्यांना जागा मिळाली नाही ते सायकलवर आले. एवढी माणसं माझ्यासाठी उन्हात उभी राहिली. काय वाट्टेल ते म्हणोत, गाव आपला आहे.

लिहून घेणारा कारकून थकला. प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा आधीचं सांगायला बघतोय. बाळासो म्हणाला, "खंडेनवमी काय घिऊन बसलाय, मी तर गणपतीतच बघितलंय, पोत्याखालनं." साळूबाई म्हणाली, "मी दांडा फिरवलाय की माझ्या हातानं! नोट कशी पडती ती समदी मला म्हाईत हाय." कारकुनानं तेही लिहिलं. नोट कशी उचलते, फट केवढी, मळकी कुठं पडते, सगळं बारकाईनं. नानासो वकील म्हणाले, आसंच पायजे, जेवढं बारीक तेवढं बरं.

पहिली साक्ष आईची. तिनं नऊवारी धुऊन घातली होती. म्हणाली, "लिवा. माझ्या पापडाच्या काठीवरनं सुचलं त्याला. खंडेनवमीला पूजा मीच केली. माझ्या लेकाचं नाव हाय त्याच्यावर. समद्या गावादेखत चाललं." आणि अंगठा असा दाबला की कागद फाटतो का वाटलं. बाहेर आल्यावर अंगठ्याची शाई पुसू देईना. दिवसभर तशीच हिंडली.

विजयमालाला सही येते, म्हणून तिची साक्ष पाहिजे होती. काल विचारलं तर म्हणाली, "मला त्यात घालू नका भावजी." म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या नावासाठी चाललंय ना हे सगळं?" ती चुलीकडं बघत म्हणाली, "म्हणूनच." राग आला. असं कोड्यात बोलायचं वय आहे का हे? पण बिचारी एकटी बाई, जास्त काय बोलणार.


२१ सप्टेंबर. मुंबई

पेटंट ऑफिस. फोर्टात. मी पलटणीतला कोट घातला, मेडल लावली. नानासो वकील काळा कोट घालून माझ्याबरोबर आले. फी घेतली नाही त्यांनी, फक्त एसटीचं तिकीट.

कंपनीचे तीन वकील. डायरेक्टर कुणी आला नव्हता. आमचा गठ्ठा मात्र मोठा होता, टेबलावर ठेवला तेव्हा धप्प आवाज झाला. मला हसू आलं. यांच्याकडं एक कागद आणि आमच्याकडं अख्खं उंब्रज.

अधिकारी वयस्कर होते, मराठीच. ते एकेक साक्ष वाचत गेले. मध्ये चष्मा काढून पुसला. मग कंपनीचा वकील उठून इंग्रजीत एवढंच बोलला की आम्हाला आणखी काही पुरावा द्यायचा नाही, अर्जदारांचाच पुरावा आम्ही मान्य करतो. आणि बसला. मी नानासोंना हळूच म्हटलं, मान्य केलं! जिंकलो!

नानासोंचं तोंड उतरलेलं होतं.

अधिकारी म्हणाले, "हवालदार, हे कशाला दाखल केलंत?"

"खरं हाय म्हणून, साहेब."

"खरं आहे, तेच तर. पेटंट नव्या वस्तूला देतात. अर्जाच्या दिवसापर्यंत लोकांना ठाऊक नसलेल्या. तुम्ही आठ महिने आधी भर गावात चालवून दाखवलंत. सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असतं तर एखादी सवलत निघाली असती. पूजेला ती नाही." त्यांनी कंपनीचा कागद उचलला. "यांच्याकडचा पुरावा कच्चा होता. ऐकीव. त्यावर मला विरोध फेटाळावा लागला असता. तो तुम्ही पक्का केलात. एवढ्या बारकाईनं, की कुणालाही वाचून यंत्र बनवता येईल."

मी विचारलं, "मग आता ते कुणाचं?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांचं. कुणीही बनवावं, कुठलंही नाव द्यावं."

आम्ही बाहेर आलो. नानासो जिन्यात बसून रडले. म्हणाले, "लालासाहेब, मी मेंढरांच्या वाटंचा वकील हाय वो. मी हात लावायला नगं हुता." मी त्यांना शिव्या घालणार होतो, पण जमलं नाही. त्यांना पाणी आणून दिलं.


२२ सप्टेंबर. एसटीत

रात्रभर एकच गोष्ट घोळतेय. केरबाला आधीच कसं ठाऊक होतं? साक्षी देऊ नको म्हणाला, तेच खरं निघालं. म्हणजे कंपनीला खंडेनवमीची बातमी देणाराही तोच असणार. दुसरं कोण? गाव सोडून बाहेरचं कुणाला माहीत होतं?

सयाजीचा दोस्त म्हणवतो. थू.


२३ सप्टेंबर. उंब्रज

घरी आलो तर दारात विजयमाला. तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "न्हाई मिळालं?"

"न्हाई. नाव लागणार न्हाई कुठंच."

तिनं सूप खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि म्हणाली, "बरं झालं." मग रडायला लागली. नवरा गेला तेव्हा सुद्धा एवढी रडली नव्हती. "बँकेत जाईल तिथं काउंटरवर त्यांचंच नाव. नोटा मोजताना. माझी पोर कसं बघणार हुती वो ते?"

मी तिथंच उभा राहिलो. सयाजी गेल्यापासनं पाच वर्षं एका घरात राहतोय. तिला काय पाहिजे ते मी एकदाही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. अजूनही नीट उमगत नाही. नाव मोठं व्हायला कुणाला नको असतं?

आई परड्यात होती. चाहूल लागली तशी काठी टेकत आली. "लाला, आलास? लागलं का रं माझ्या सयाजीचं नाव?"

 विजयमालानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लागलं, आई."

आईनं आभाळाकडं हात जोडले. मग अंगठा माझ्या नाकापुढं धरला. "मी म्हटलंच व्हतं. पयल्या दिसापासनं बघितल्यालं माणूस मीच. माझ्या अंगठ्यानं काम झालं आसंल, व्हय ना रं?"

म्हटलं, "व्हय आई. तुझ्या अंगठ्यानंच झालं."

ती तशीच गल्लीत सांगायला निघाली. खंडेनवमी आठवड्यावर आलीय, झेंडूची फुलं आधीच सांगून ठेवलीत म्हणे तिनं.